डीव्हीडीसाठी पुठ्ठ्याचं पाकीट: माप, पुठ्ठा, घडी आणि चिकटवण

प्रश्न थोडक्यात असा. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागातल्या एका महिला बचत गटाला गावच्या दंडारीच्या, म्हणजे तिकडच्या लोकनाट्याच्या, चित्रीकरणाच्या ५०० डीव्हीडी दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, विकायच्या आहेत. प्लास्टिकची डबी नको, पुठ्ठ्याचं पाकीट हवं. छपाई तालुक्याच्या प्रेसमध्ये होईल, घडी आणि चिकटवण गटातल्या बाया करतील. पुठ्ठा कोणता घ्यावा, माप काय ठेवावं, फेव्हिकॉल चालेल का आणि वरून लॅमिनेशन करावं का?

लॅमिनेशन करू नका. फेव्हिकॉल चालेल, पण हात आखडूनच लावावा लागेल. पुठ्ठा आणि माप यांचं उत्तर मात्र लांब आहे, कारण ते दोन्ही एकमेकांत अडकलेले आहेत आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. लोक आधी मुखपृष्ठाचं चित्र ठरवतात, मग प्रेसवाल्याकडे जो पुठ्ठा पडला असेल त्यावर ते छापून घेतात. पाकिटाच्या बाबतीत हे उलट करायचं. डिस्कला आतून काय घासणार हे आधी ठरवा, मग कागदाच्या तावात पाकीट कसं बसतं ते पाहा. चित्र सगळ्यात शेवटी.

डिस्क १२० मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची, वजन साधारण १५-१६ ग्रॅम. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि माहितीचा थर त्यांच्या मधे असतो. सीडीचं तसं नाही, तिचा थर छापील बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो, म्हणून सीडीला वरून चरा गेला की ती संपलीच. तुमचं काम डीव्हीडीचं आहे ते बरं. छापील बाजू थोडीफार घासली तरी चालेल, पण वाचायची बाजू जपायची आणि डिस्क वाकू द्यायची नाही, कारण वाकवल्याने त्या दोन चकत्यांच्या मधल्या जोडावर ताण येतो. प्लास्टिकच्या डबीतल्या घट्ट खुंटीवरून डिस्क ओढून काढताना नेमकं हेच होतं. पुठ्ठ्याच्या खिशात खुंटीच नसते, हा त्याचा खरा फायदा. खिशात मधोमध फोमचं बटण चिकटवून देणारे भेटतील. ते घेऊ नका. फोम कालांतराने चिकट होतो किंवा भुगा होतो, आणि पाकीट रद्दीत टाकताना तो खरवडून काढायला कोणी बसत नाही.

आता पुठ्ठा. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतो तो करड्या पाठीचा डुप्लेक्स. रद्दीपासून बनतो म्हणून पर्यावरणाला चांगला, असं वाटणं साहजिक आहे. पण पाकिटाची घडी डोळ्यांसमोर आणा: पुठ्ठा दुमडून खिसा केला की चकचकीत बाजू बाहेर राहते आणि डिस्कला दोन्हीकडून लागते ती पाठ. करड्या पाठीत सुटे तंतू, बारीक कचरा, कधी रेतीचा कणही असतो. डिस्क आत-बाहेर सरकली की वाचायच्या बाजूवर बारीक चरे उमटतात. म्हणून पांढऱ्या पाठीचा फोल्डिंग बॉक्स बोर्ड घ्या, प्रेसवाले त्याला एफबीबी म्हणतात. वजन ३०० जीएसएम (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम), जाडी साधारण ०.४५ मिलिमीटर. २५० जीएसएमचं पाकीट हातात लेचंपेचं लागतं आणि ३५० च्या पुढे एवढ्या छोट्या घड्या नीट बसत नाहीत. करडा डुप्लेक्सच परवडत असेल तर डिस्क आधी ७० जीएसएम मॅपलिथो, म्हणजे साध्या छपाईच्या पांढऱ्या कागदाच्या पुडीत घाला आणि मग खिशात. पुडी हा कमीपणा नाही. उलट ती फाटली तर नवी करता येते.

व्यापाऱ्याकडून नमुन्याचा एक ताव आणा आणि दोन चाचण्या घरीच करा. काळं सुती फडकं बोटाला गुंडाळून पुठ्ठ्याच्या पाठीवर वीसेक वेळा घासा. फडक्यावर पांढरी पूड दिसली तर तो पुठ्ठा डिस्कसाठी नाही. दुसरी चाचणी: एखादी निकामी पण बिनचऱ्याची डिस्क वाचायची बाजू खाली करून पाठीवर पन्नास वेळा सरकवा, मग दारातल्या तिरप्या उजेडात धरून बघा. केसासारखे चरे दिसतात का, ते तेव्हाच कळतं. बल्बखाली सरळ बघितलं तर सगळ्या डिस्क चांगल्याच दिसतात.

हातकागदाचा मोह अनेकांना होतो. विदर्भात तो होणारच. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम १९३४ पासून सुरू झालं आणि हातकागद हा त्यातलाच एक उद्योग होता. कागद देखणा असतो, पण त्याचे तंतू मोकळे असतात, तो ओल पटकन धरतो आणि घडीवर फुगतो. पाकिटाचा पुठ्ठा म्हणून तो नको. बाहेरून गुंडाळायच्या पट्टीसाठी जरूर वापरा, त्याबद्दल पुढे सांगतो.

कागदात काय मिसळलेलं आहे याकडेही बघावं लागतं. फिलिप्स-ड्यूपॉन्टच्या इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात बनलेल्या बऱ्याच सीडी पुढे तांबूस पडत गेल्या. वरची लाख बुकलेटच्या कागदातल्या गंधकाला पुरी पडली नाही, हे त्याचं कारण. घरी लिहिल्या जाणाऱ्या डिस्कमधला चमकदार थर बहुधा चांदीचा असतो, आणि पायातले तोरडे काळे पडतात तशीच ती चांदीही गंधकाने काळवंडते. डीव्हीडीत थर मधे असल्याने धोका कमी, तरी वासाचा पुठ्ठा, गडद रंगवलेला कागद आणि रबराचे बँड डिस्कपासून लांब ठेवा. रबरात गंधक असतंच.

आता माप. मी सुचवतो तो साचा एका लांब पट्टीचा आहे: डावीकडून मुखपृष्ठ १२५ मिलिमीटर, मग कणा ३, मग मागचं पान १२५, आणि शेवटी खिशाचं पान १०५. एकूण लांबी ३५८. उंची १२५. खिशाचं पान बाहेरच्या कडेने आत दुमडून मागच्या पानावर येतं, आणि त्याच्या वर-खाली १२ मिलिमीटरच्या दोन चिकटपट्ट्या असतात. खिशाचं तोंड कण्याकडे उघडं राहतं. त्यामुळे पाकीट मिटलं की डिस्क कुठूनच बाहेर पडत नाही, वेगळं कुलूप-खाच लागत नाही. तोंड वरच्या बाजूला ठेवलेली पाकिटं पिशवीत उलटी झाली की रिकामी होतात.

खिशाचं पान १२५ ऐवजी १०५ च का? एक तर डिस्कची कड पंधरा-वीस मिलिमीटर बाहेर दिसते आणि बोटाने धरता येते. तोंडाशी मधोमध २५ मिलिमीटर रुंदीची अर्धगोल खाच दिली की आणखी सोपं. दुसरं कारण पैशाचं. मिनी ऑफसेट या छोट्या छपाई मशीनचा ताव १५ × २० इंच, म्हणजे ३८१ × ५०८ मिलिमीटर. ग्रिपरचे, म्हणजे मशीन ताव पकडते त्या कडेचे, १० मिलिमीटर सोडले तर ३७१ उरतात, त्यात ३५८ ची पट्टी बसते. पूर्ण १२५ चं पान ठेवलं असतं तर पट्टी ३७८ झाली असती आणि मोठ्या मशीनवर जावं लागलं असतं. उंचीकडून चिकटपट्ट्यांसह एक पाकीट १४८ घेतं, तीन पाकिटांचे ४४४ होतात, ५०८ मध्ये आरामात. म्हणजे एका तावात तीन.

खिशाच्या पानाची उंची मात्र १२५ नाही, १२४ ठेवा, वर-खाली अर्धा-अर्धा मिलिमीटर आत. बरोबरीचं ठेवलं तर चिकटपट्टीची घडी मागच्या पानाबाहेर डोकावते आणि पाकिटाला कान फुटल्यासारखे दिसतात. चिकटपट्ट्यांची टोकं तिरपी छाटा, म्हणजे कोपऱ्यात घडी अडत नाही. आतून जागा १२३ च्या आसपास उरते, १२० च्या डिस्कला ती पुरते. १२१-१२२ वर आणून पाकीट सुबक करायचा प्रयत्न करू नका, पावसाळ्यात पुठ्ठा फुगला की डिस्क निघता निघत नाही. कण्याचे ३ मिलिमीटर कसे आले तेही सांगतो: पुठ्ठ्याचे चार पदर प्रत्येकी ०.४५, म्हणजे १.८, आणि डिस्क १.२. आत दुमडलेला माहितीचा कागद घालणार असाल तर साडेतीन करा, अर्ध्या मिलिमीटरने पट्टी वाढून बिघडत नाही.

ग्रेनचा मुद्दा इथेच येतो. पुठ्ठ्याचे तंतू एका दिशेने झोपलेले असतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सरळ आणि गुळगुळीत पडते, आडवी घातली तर वरचा थर तडकतो. ओळखायला पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओल्या फडक्याने पुसा. तो नळीसारखा वळतो, आणि त्या नळीची लांबी म्हणजे ग्रेनची दिशा. आपल्या पाकिटाच्या मोठ्या घड्या, म्हणजे कणा आणि खिसा, उभ्या आहेत आणि तावात त्या २० इंचाच्या बाजूला समांतर येतात. म्हणून ग्रेन २० इंचाच्या बाजूने हवा. २० × ३० इंचाचा लांब ग्रेनचा ताव आणून त्याचे दोन तुकडे केले तर ग्रेन १५ इंचाच्या बाजूने जातो आणि सगळे कणे तडकतात. ३० × ४० इंचाचा लांब ग्रेनचा ताव आणून चार तुकडे करा, ग्रेन बरोबर बसतो. कापणाऱ्याला हे तोंडी सांगून भागत नाही, गठ्ठ्यावर बाणाने दिशा लिहून द्या.

हिशोब असा. ५०० पाकिटांना १६७ छोटे ताव. मशीन बसवताना आणि पंचिंगला, म्हणजे डायने कापताना, वाया जाणारे धरून २१० घ्या, म्हणजे मोठे ५३. पंचावन्न आणले तर वजन पावणेतेरा किलोच्या आसपास. एका पाकिटात प्रत्यक्षात सुमारे १४ ग्रॅम पुठ्ठा जातो. नेहमीची काळी डीव्हीडीची डबी याच्या कितीतरी पट भरते.

डाय, म्हणजे पुठ्ठा कापणाऱ्या आणि घडीच्या रेघा पाडणाऱ्या पातींचा साचा, नागपूरहून करून आणावी लागेल. कापायची पात २३.८ मिलिमीटर उंच असते. घडीची पात पुठ्ठ्याच्या जाडीएवढी कमी, म्हणजे २३.३ च्या आसपास, आणि जाडी २ पॉइंट, ०.७ मिलिमीटर. खाली जी खाचेची पट्टी बसते तिची रुंदी काढायला पुठ्ठ्याची जाडी दीडपट करा आणि त्यात पातीची जाडी मिळवा: ०.४५ च्या पुठ्ठ्याला जवळपास १.४ मिलिमीटर. खाच अरुंद झाली की घडीवर पुठ्ठा कापला जातो, रुंद झाली की घडी कुठेही पडते आणि कणा वाकडा येतो. प्रेसवाल्याला आधी पाच कोरे ताव पंच करायला सांगा, त्यांची पाकिटं घडवा, डिस्क घालून बघा आणि मगच छपाईला हात लावा. डाय जपून ठेवली तर पुढच्या वर्षी दुसऱ्या दंडारीला तीच चालते, म्हणून ती गटाच्या नावावर घ्या, प्रेसमध्ये सोडून येऊ नका.

पन्नास-शंभरच पाकिटं हवी असतील तर डाय नको. लोखंडी पट्टी, कटर आणि रिकाम्या रिफिलचं बॉलपेन पुरतं. पेनाने दाबून रेघ मारा आणि घडी रेघेच्या उलट बाजूला घाला, म्हणजे दबलेली खाच घडीच्या बाहेर येईल आणि फुगवटा आत. हे बहुतेक जण चुकतात, कारण खाचेतच दुमडायचं असं वाटतं.

छपाईत एक-दोन रंग पुष्कळ झाले. घडीवरून गडद सपाट रंग नेऊ नका, शाई तिथेच आधी उडते आणि पांढरी रेघ दिसते. डिस्कला लागणाऱ्या बाजूवर काहीही छापू नका. लॅमिनेशनची प्लास्टिक फिल्म चढली की पुठ्ठा रद्दीत चालत नाही. चमक हवीच असेल तर पाण्यावर आधारित कोटिंग मारून घ्या, नाहीतर कोराच ठेवा. कोरा एफबीबी हातात चांगला लागतो. छापल्यावर तीन-चार दिवस ताव उघड्यावर सुकू द्या, ओल्या शाईच्या वाफा खिशात कोंडायच्या नाहीत. 'शंभर टक्के पर्यावरणपूरक' असं पाकिटावर लिहू नका. आतली डिस्क पॉलीकार्बोनेटची आहे, ती प्लास्टिकच. 'पाकिटाला प्लास्टिकची फिल्म नाही' एवढं लिहिलं तर ते खरं आहे. एफएससीचं, म्हणजे जंगल जपून काढलेल्या लाकडाच्या कागदाचं, चिन्हही प्रमाणपत्र नसलेल्या प्रेसला छापता येत नाही.

चिकटवण. गव्हाच्या पिठाची खळ स्वस्त, पण तिला कसर लागते आणि पावसाळ्यात बुरशी येते. बाईंडर लोक त्यावर उपाय म्हणून खळीत मोरचूद घालतात. वहीला ते चालतं, इथे नको, कारण मोरचुदातलं तांबं ओलाव्यात काही डिस्कच्या थरातल्या ॲल्युमिनियमला खातं. दुतर्फा टेप आणि गरम गोंदाची बंदूकही नको. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या पाकिटाची टेप पाझरते आणि डिस्कला चिकटते. फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक घ्या, पाणी न घालता. पाणी घातलं की पसरायला सोपं जातं खरं, पण पुठ्ठा पापडासारखा वळतो. चिकटपट्टीच्या मधून बारीक ब्रशने ६ ते ८ मिलिमीटरचा एकच पातळ पट्टा ओढा आणि आतल्या कडेपासून २ मिलिमीटर कोरे सोडा. तिथे डिंक आला की दाबल्यावर तो खिशात शिरतो आणि खिसा आतून बंद होतो. ५०० पाकिटांना पाव किलोचा डबा पुरून उरतो. जास्त लागला तर कोणीतरी जाड हाताने लावतंय असं समजा.

कामाची मांडणी तिघी-तिघींची ठेवा: एकीने सगळ्या घड्या आधी मोडून घ्यायच्या, दुसरीने डिंक लावायचा, तिसरीने खिसा बसवून लगेच निकामी डिस्क आत सरकवून फिरवून काढायची. ती अडली तर डिंक आत गेलाय, ओला आहे तोवर पाकीट उघडता येतं. मग पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या, एक पाकीट सरळ आणि एक उलटं, म्हणजे जाड बाजू एकाच कडेला साचत नाही. वर लाकडी पाटी आणि कागदात गुंडाळलेली वीट, रात्रभर. सप्टेंबरात हवा ओली असते, तेव्हा डिस्क भरायच्या आधी आणखी दोन दिवस द्या.

हवेचा हिशोब उन्हाळ्यात उलटा होतो. एप्रिल-मेमध्ये पुठ्ठा इतका कोरडा पडतो की योग्य ग्रेनची घडीही तडकते. तेव्हा गठ्ठ्याचं वेष्टन आदल्या दिवशी फोडू नका, क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेघा पाडणं, सकाळी लवकर उरका, खोलीत कूलर असेल तर चालू ठेवा. फक्त त्याचा झोत थप्पीवर सरळ नको, कडा लाटांसारख्या होतात.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, तोल जातो आणि लेबल सुटलं तर प्लेयरमध्ये अडकतं. इंकजेटने छापलेल्या डिस्कची शाई ओल्या हवेत पुठ्ठ्यावर उतरते, तेव्हा छापून एक दिवस मोकळ्या ठेवाव्यात आणि खिशात छापील बाजू खिशाच्या पानाकडे नको, मागच्या पानाकडे करावी. काढताना अंगठा नेहमी खिशाच्या पानाकडून येतो आणि तो छापावर घासत राहतो. वाचायच्या बाजूला बोट लागू नये म्हणून डिस्क कडेने धरा, असं पाकिटावरच एका ओळीत छापा.

बाहेरून श्रिंक-रॅपऐवजी, म्हणजे आवळून बसणाऱ्या प्लास्टिकऐवजी, हातकागदाची ३० मिलिमीटर रुंद पट्टी गुंडाळा. घेर २५६ आणि वर १२ चा जोड, म्हणून लांबी २६८ कापा. पट्टी पट्टीवरच चिकटवा, पाकिटाला नाही. किंमत, मंडळाचं नाव आणि वर्ष या पट्टीवर आलं तर पाकिटाचा तोच छापील साठा पुढे वापरता येतो.

मूळ चित्रीकरणाच्या दोन प्रती मात्र पुठ्ठ्यात ठेवू नका. त्या कडक डबीत, उभ्या, अंधाऱ्या कोरड्या कपाटात असू द्या आणि एक प्रत हार्ड डिस्कवर. पुठ्ठ्याचा खिसा विकायच्या, वापरायच्या प्रतीसाठी आहे, वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी नाही. कपाटात डांबरगोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.

वाहतुकीला १३० × १३० मिलिमीटरचे आणि १८० लांबीचे खोके करून घ्या. मिटलेलं पाकीट साधारण साडेतीन मिलिमीटर होतं, पन्नास नग उभे बसतात. आडव्या थप्प्यांवर दुसरं सामान आलं की खिशाच्या तोंडाची कड डिस्कवर उमटते. मंडईत धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, दुकान लागणार, तिथे धूळ उडते आणि रात्री दव पडतं. टेबलावर दाखवायला बिनडिस्कची दोन-तीन पाकिटं ठेवा, विक्रीचा माल खोक्यात झाकून, खोका जमिनीवर न टेकवता पाटीवर. गिऱ्हाइकाला उघडून दाखवताना आत धूळ गेली असेल तर खिसा उलटा धरून टिचकी मारा, फुंकू नका. फुंकरीतली थुंकी डिस्कवर सुकून डाग पडतो आणि तो पुसताना चरा जातो.